बांध गेला, भरती आली. पिलांचे काय झाले? निस्क्वाली खाजणाचे प्रकरण

ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, निस्क्वाली नदीच्या मुखाशी असलेला ब्राउन फार्मचा बांध काढण्यात आला. जवळजवळ शंभर वर्षे समुद्रापासून तोडलेल्या ३०८ हेक्टर जमिनीवर भरतीचे पाणी पुन्हा चढले. इथल्या मूळ रहिवासी निस्क्वाली जमातीने नदीच्या पूर्वेकडे त्याआधीच मोकळी केलेली ५७ हेक्टर जमीन त्यात मिळवली, तर आकडा ३६५ हेक्टरच्या घरात जातो. भरती-ओहोटीच्या जुन्या ओहळांचे ३५ किलोमीटरांहून जास्त जाळे पुन्हा जिवंत झाले आणि दक्षिण प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या दक्षिण भागात, खाजण होऊ शकेल असे क्षेत्र निम्म्याहून अधिक वाढले. (भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या, मीठ सोसणाऱ्या गवतांच्या जमिनीला आपल्याकडे खाजण म्हणतात. तोच शब्द इथे वापरला आहे.)

हे काम मुख्यतः सॅमनच्या, म्हणजे नदीत जन्मून समुद्रात वाढणाऱ्या आणि अंडी घालायला नदीत परतणाऱ्या माशांच्या, पिलांसाठी झाले. म्हणून हिशेबही पिलांच्या बाजूनेच मांडायला हवा. पहिल्याच वसंतात जाळ्यात पिले मिळाली की 'प्रकल्प यशस्वी' असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण पाण्याला वाट मिळाली की मासा येतोच. तो आत शिरला, एवढ्यावरून आत त्याला खायला मिळाले की नाही ते कळत नाही. खाल्ले तरी तो त्यामुळे जगला का, हा प्रश्न उरतोच.

पिले खाडीत का थांबतात

चिनूक ही प्रशांत महासागरातल्या सॅमनांपैकी सर्वांत मोठी जात. इथला चिनूक शरद ऋतूत नदीच्या गोट्यांमध्ये अंडी घालतो आणि हिवाळा सरता सरता ३५ ते ४० मिलिमीटरची पिले वर येतात. त्यांतली काही लगेच प्रवाहाबरोबर खाली उतरतात. काही नदीतच आठवडे-महिने काढून ७०-८० मिलिमीटरची झाल्यावर निघतात. थोडी वर्षभर गोड्या पाण्यात राहतात. लवकर उतरणाऱ्या बारक्या पिलांना खाडीमुखाची गरज सर्वांत जास्त असते, कारण त्यांची सगळी वाढ तिथेच व्हायची असते.

खाडीत त्यांची तीन कामे होतात. गोड्या पाण्याला सरावलेले कल्ले आणि मूत्रपिंडे खाऱ्या पाण्याशी हळूहळू जुळवून घेतात. उथळ, गढूळ ओहळांत मोठ्या शिकारी माशांपासून आडोसा मिळतो. आणि खाणे मिळते. यातले तिसरे निर्णायक. समुद्रातल्या पहिल्या काही महिन्यांत मरणाऱ्यांमध्ये लहान आकाराची पिले जास्त असतात, म्हणजे खाडीत मिळवलेला एकेक मिलिमीटर पुढे उपयोगी पडतो. प्युजेट साउंडचा चिनूक मार्च १९९९ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार 'धोक्यात आलेला' म्हणून नोंदलेला आहे. त्यानंतर या किनाऱ्यावरच्या बांध काढण्याच्या कामांना जोर आला.

जागा आधी कशी होती

निस्क्वाली नदी माउंट रेनिअरच्या हिमनदीतून निघते आणि प्युजेट साउंडच्या दक्षिण टोकाला मिळते. इथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे ४ मीटर. १८५४ साली याच त्रिभुज प्रदेशातल्या मेडिसिन क्रीकवर (आजचा मॅकॅलिस्टर ओढा) निस्क्वाली आणि शेजारच्या जमातींनी करार केला, जमीन सोडली आणि मासेमारीचा हक्क राखला. पुढे तो हक्क पायदळी तुडवला गेला. निस्क्वालींचे बिली फ्रँक ज्युनिअर यांना स्वतःच्या नदीत जाळे टाकल्याबद्दल पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. १९७४ च्या न्यायाधीश बोल्ट यांच्या निकालाने तो हक्क न्यायालयात पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी इथे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य झाले आणि २०१५ मध्ये त्याला फ्रँक यांचे नाव दिले गेले. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. या प्रकल्पात जमात हक्कदार होती, सल्ल्यापुरती बोलावलेली नव्हती, आणि माशांची मोजणी दीर्घकाळ चालण्यामागे हेही एक कारण आहे.

१९०४ साली सिएटलच्या अल्सन ब्राउन नावाच्या वकिलाने ही जमीन घेतली आणि बांध घालून शेती सुरू केली. बांधाच्या आतल्या जमिनीचे काय होते, हे या प्रकरणाचे मर्म आहे. खाजणाची जमीन दर भरतीबरोबर येणाऱ्या गाळाने आणि मुळांच्या कुजक्या थरांनी वाढत असते. बांध घातला की गाळ थांबतो. चर खणून पाणी काढले की मातीत हवा शिरते आणि इतकी वर्षे पाण्याखाली टिकलेला सेंद्रिय भाग कुजून उडून जातो. त्यावर गुरे आणि यंत्रे फिरली की उरलेली माती दबते. परिणामी बांधाबाहेरचे खाजण समुद्राबरोबर वर चढत राहते आणि आतली जमीन खाली बसते. शंभर वर्षांनी बांध काढला, तेव्हा निस्क्वालीची आतली जमीन बाहेरच्या जुन्या खाजणापेक्षा बरीच खोल होती. वर रीड कॅनरी गवताची दाट सत्ता होती. हे गोड्या पाण्याचे आक्रमक गवत दुसऱ्या कशाला उगवू देत नाही.

कामाचा क्रम

सुरुवात लहान झाली. जमातीने नदीच्या पूर्वेकडे १९९६, २००२ आणि २००६ असे तीन टप्प्यांत बांध काढले. पहिला टप्पा चार हेक्टरांच्याही आतला, शेवटचा सुमारे ४० हेक्टरांचा. पश्चिमेच्या मोठ्या कामाला याचा मोठा उपयोग झाला. बांध काढल्यावर माती कशी वागते, कोणती गवते आधी मरतात, ओहळ आपली जुनी वाट पुन्हा पकडतात की नवी पाडतात, हे त्याच नदीवर, त्याच गाळात आधी पाहायला मिळाले.

मोठ्या कामात आधी नवा बांध आणि मग जुना बांध काढणे, हा क्रम पाळणे भाग होते. सगळे अभयारण्य खारे करायचे नव्हते. पक्ष्यांसाठी सुमारे १०० हेक्टर गोड्या पाण्याचा पाणथळ राखायचा होता. त्यासाठी मागे सरकून सुमारे ३ किलोमीटरचा नवा बांध उभा केला आणि तो तयार झाल्यावरच समुद्राकडचा जुना बांध उतरवला. अमेरिकेची मत्स्य व वन्यजीव सेवा, निस्क्वाली जमात आणि डक्स अनलिमिटेड ही संस्था या कामातले मुख्य भागीदार.

जुन्या बांधाला दोन-चार ठिकाणी खिंडारे पाडून भागले असते का? खर्च नक्कीच वाचला असता. पण खिंडारातून पाणी जोराने आत-बाहेर करते, तिथे खोल डोह पडतो आणि मागे ओहोटीचे पाणी तुंबते. तुंबलेल्या डबक्यात पिले अडकतात, पाणी तापते, वरून बगळे येतात. शिवाय बांधालगतचा माती काढलेला चर तसाच राहिला तर तोच मुख्य ओहळ बनतो आणि जमिनीतले जुने नागमोडी ओहळ कोरडे पडतात. म्हणून जाणते लोक बांध पूर्ण काढतात, त्याची माती त्याच चरात परत भरतात आणि जुन्या हवाई छायाचित्रांवरून ओहळांची तोंडे मोकळी करून देतात. पुढचे खोदकाम पाणीच करते. बांधातली स्वयंचलित झडप, म्हणजे आपली उघाडी, 'मासे जाऊ देणारी' बसवणे हा आणखी स्वस्त मार्ग. शेती वाचवायची असेल तर तो मधला पर्याय आहे, पण उघाडी भरतीच्या वेळी मिटते. पिलांना आत जायचे असते ते नेमके त्याच वेळी.

मोजायचे काय

खाडीच्या माशांवर काम करणारे आता तीन पायऱ्या वेगळ्या ठेवतात. पहिली संधी: पिलाला जागेपर्यंत पोचता येते का, पाणी पुरेसे खोल आणि गार किती तास असते. दुसरी क्षमता: तिथे खाद्य किती, कसले, किती उष्मांकाचे. तिसरी प्रत्यक्ष लाभ: पिलाने खरोखर खाल्ले का, वाढले का, जगले का. पहिलीचा आकडा दाखवून तिसरीचा दावा करणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी चूक आहे.

संधी मोजायला जाळे लागते. रुंद, उघड्या काठावर रापण चालते. अरुंद ओहळांत भरतीच्या टोकाला तोंडावर आडवे जाळे लावतात, ओहोटीबरोबर मासे त्याच्या पिशवीत गोळा होतात. तत्त्व आपल्या डोल जाळ्याचेच. इथे एक गोम आहे. जाळे सगळे मासे पकडत नाही. म्हणून खूण केलेली काही पिले जाळ्याच्या वरच्या बाजूला सोडून त्यांतली किती परत मिळतात ते पाहावे लागते. समजा, २,००० चौरस मीटरच्या ओहळात १२० पिले मिळाली आणि खूण केलेल्यांपैकी ६० टक्के परत आली, तर ओहळात सुमारे २०० पिले होती, म्हणजे हेक्टरी १,०००. ही दुरुस्ती न करता दोन ओहळांची तुलना केली तर पिलांची नव्हे, जाळ्यांचीच तुलना होते. भागाकाराला कोणते क्षेत्र घ्यायचे, भरतीच्या वेळचे की ओहोटीच्या वेळचे, हेही आधी ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवायचे. ओहोटीला ओहळ आकसतो आणि तेवढीच पिले 'दाट' दिसू लागतात.

खाद्यासाठी तीन थर वेगळे तपासतात. चिखलात नळी खुपसून थोड्या सेंटिमीटरांचा गाभा काढतात, तो अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतात आणि उरलेले जीव मोजतात. पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक जाळे ओढतात. वरून पडणाऱ्या किड्यांसाठी थोडे साबणपाणी घातलेले पसरट तबक खुंटांमध्ये अडकवतात. भरतीबरोबर ते वरखाली होते, वाहून मात्र जात नाही. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण जातो आणि किडा बुडतो. साबण विसरला तर किडे चालत निघून जातात आणि नोंदवहीत 'खाद्य नाही' असे चढते.

पिलाच्या पोटात काय आहे हे पाहायला मासा मारावा लागत नाही. भूल देऊन, बोथट टोकाच्या बारीक नळीने पोटात पाणी सोडले की खाल्लेले बाहेर येते. पोटातल्या खाद्याचे वजन भागिले माशाचे वजन, हा त्या क्षणीचा शिधा. त्यात प्रत्येक भक्ष्याचे उष्मांक घातले की ऊर्जेचा शिधा निघतो. या दुसऱ्या आकड्याला जास्त किंमत द्यावी, कारण कवचाचे जीव वजनाला भरतात पण त्यातले बरेचसे पचत नाही.

हे सगळे फेब्रुवारी-मार्चपासून जुलै-ऑगस्टपर्यंत, मोकळ्या केलेल्या आणि कधीच न बांधलेल्या संदर्भ खाजणांत एकाच आठवड्यात, एकाच भरतीच्या टप्प्यावर करायचे असते. एका जागी उधाणाच्या आणि दुसऱ्या जागी भांगाच्या भरतीला मोजले तर हाती आलेला फरक चंद्राचा असतो.

काय दिसले

पिले पहिल्याच वसंतात आत आली. २०१० ते २०१२ या तीन वर्षांचे खाद्य, आहार आणि वाढ यांचे मोजमाप त्यापुढचे सांगते, आणि ते जास्त रोचक आहे.

पहिल्या वर्षी पिलांच्या पोटात प्रामुख्याने ॲम्फिपॉड होते. हे झिंग्यासारखे वाकडे, चिखलात आणि तळाशी राहणारे बारीक कवचधारी जीव. २०११ मध्ये चित्र पालटले आणि पिले मुख्यतः द्विपंखी माश्या खाऊ लागली. त्यांची आवड बदलली म्हणावे, तर पोटातले खाणे आणि भोवतालचे खाद्य यांतले साम्य दोन्ही वर्षी सारखेच होते. बदलले ते भोवतालचे खाद्य. मोकळ्या केलेल्या भागात चिलटांच्या जातीच्या या माश्यांची अशी भरभराट झाली, जी आसपासच्या इतर जागांवर दिसली नाही. खाऱ्या पाण्याने मेलेल्या गवताचा कुजका थर आणि उघडा ओला चिखल हे अशा अळ्यांना मानवणारे असते, असा अर्थ आम्ही लावतो. तो बरोबर असेल तर ही मेजवानी कायमची धरून चालणे धोक्याचे आहे. कुजके संपले, चिखल घट्ट झाला की ताटातले पदार्थ पुन्हा बदलतील.

तिसऱ्या वर्षापर्यंत मोकळ्या केलेल्या चिखलवटीची खाद्य-उत्पादकता संदर्भ जागांच्या तोडीची झाली. अपृष्ठवंशी भक्ष्यातली एकूण ऊर्जा सरासरी ६० लाख किलोज्यूलच्या पुढे गेली. यामागे माश्यांइतकाच हात ओहळांच्या गुंतागुंतीच्या जाळ्याचा. ओहळाचा काठ जितका लांब आणि वळणाचा, तितकी पिलाला चरायला कड मिळते.

वाढीचा वेग मात्र मोकळ्या केलेल्या आणि संदर्भ जागांत सारखाच निघाला. हे वाचून काहींचा हिरमोड होतो. तो व्हायला नको. शंभर वर्षे शून्य पिले पोसणारी जागा तीन वर्षांत अस्सल खाजणाइतक्या वेगाने पिले वाढवत असेल, तर नदीच्या एकूण क्षमतेत ती थेट भर आहे. एकेक पिलू जास्त फुगावे ही अपेक्षाच नव्हती. जास्त पिलांना तेवढेच मिळावे ही होती. जिथे भक्ष्य जास्त तिथे पिलांचे वजन जास्त, असाही संबंध दिसला, आणि गर्दीने होणारा तोटा मुबलक खाद्य भरून काढते असे संकेत मिळाले.

गर्दीचा मुद्दा निस्क्वालीपुरता नाही. वायव्य अमेरिकेतल्या नऊ खाडीमुखांची आकडेवारी एकत्र पाहिल्यावर असे आढळले, की जिथे निम्म्यापेक्षा कमी पाणथळ नष्ट झाला आहे तिथे पिलांची घनता वाढल्याने खाण्यात फरक पडत नाही. निम्म्याहून जास्त गेला असेल तिथे मात्र घनता वाढली की प्रत्येकाच्या पोटातले कमी होते. म्हणजे पाणथळ गेल्याची झळ रोज दिसत नाही. गर्दीच्या दिवसांत दिसते. निस्क्वालीत गर्दीचे दिवस दरवर्षी येतात. जमातीच्या क्लिअर क्रीक आणि कलामा क्रीक या मत्स्यबीज केंद्रांतून लाखो पिले थोड्या दिवसांत नदीत सोडली जातात. या नदीचा मूळ शरद चिनूक नष्ट झाला आहे. आजची प्रजा मुख्यतः ग्रीन नदीच्या बीजापासून आली आहे. केंद्रातल्या पिलांचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असतो किंवा नाकात तारेचा बारीक सांकेतिक तुकडा असतो, त्यामुळे नैसर्गिक पिले वेगळी ओळखता येतात. बीज सोडल्यानंतरच्या आठवड्यातली घनता आणि त्याआधीची घनता एकाच सरासरीत कधीही घालू नये.

कोणत्या जागा चालल्या, कोणत्या नाही

मोकळे केलेले सगळे हेक्टर सारख्या किमतीचे नसतात. मुख्य नदी त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेकडून वाहते आणि पश्चिमेच्या कोपऱ्यांपर्यंत पोचायला पिलांना फाट्यामागून फाटे पार करावे लागतात. दर फाट्याला काही पिले दुसरीकडे जातात. याच राज्यातल्या स्कॅजिट नदीवर यासाठी एक साधे सूत्र वापरात आले: मार्गाचा प्रत्येक तुकडा घ्यायचा, त्याची लांबी त्याच्या फाटा-क्रमांकाने (मुख्य नदीपासून तो कितव्या फाट्यानंतरचा आहे त्या आकड्याने) गुणायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचा व्यस्त घ्यायचा. आकडा मोठा तर जोडणी चांगली. चांगल्या जोडणीचे दहा हेक्टर आडबाजूच्या तीस हेक्टरांपेक्षा जास्त पिले वापरतात, असे सहज घडू शकते. म्हणून बांध काढण्याआधी कागदावर हे गणित मांडावे. कधीकधी नदीला थेट जोडणारा एकच ओहळ उघडणे हा सर्वांत फायद्याचा खर्च ठरतो.

दुसरी गोष्ट वैविध्याची. निस्क्वालीत नदीकाठच्या भरतीच्या जंगलात झाडांवरून किडे पडतात, खाजणात माश्या, चिखलवटीत ॲम्फिपॉड, आणि बाहेर ईलग्रासच्या गवताळ उथळ समुद्रात पाण्यातले कवचधारी जीव. प्रत्येक ठिकाणचा खाद्याचा बहर वेगळ्या महिन्यात येतो. खाली सरकणारे पिलू या पंगतींतून एकामागून एक जेवत जाते. फक्त खाजण वाढवून वरचे जंगल तोडले, तर पंगतीतले एक पान कमी होते.

अडचण जमिनीच्या उंचीची

प्रकल्पाची खरी दुखरी जागा इथे आहे. बसलेली जमीन वर यायला गाळ हवा. निस्क्वालीचे खोरे हिमनदीचे, म्हणजे गाळाला तोटा नसायला हवा. पण १९४५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आल्डर आणि लाग्रँड या धरणांमागे, मुख्यतः आल्डरच्या जलाशयात, वरचा बहुतेक गाळ अडकतो. उरलेला बराचसा मुख्य प्रवाहाबरोबर सरळ खोल पाण्यात उतरतो. आंतरराज्य महामार्ग ५ चा भराव त्रिभुज प्रदेशाला आडवा जातो आणि नदीला मोकळेपणाने पसरून गाळ टाकू देत नाही.

परिणाम असा, की रीड कॅनरी गवत खाऱ्या पाण्याने मेले, पण त्याच्या जागी सेज गवताचे खाजण लगेच उभे राहिले नाही. मोठा भाग चिखलवटच राहिला आणि उंचवट्यांवर आधी सॅलिकॉर्नियासारख्या मीठप्रेमी वनस्पती आल्या. खाजणाची झाडे उंचीची गणिती असतात. दिवसातून किती तास पाण्याखाली राहायचे याची प्रत्येकीची मर्यादा ठरलेली, आणि काही सेंटिमीटर खाली गेले तरी रोप धरत नाही.

पिलांना चिखलवट चालते, हे वरच्या आकड्यांनी दाखवले आहे. पण तिला सावली नाही. ओहोटीला उघडा चिखल उन्हात तापतो, परतणारी भरती ती उष्णता घेते आणि जून-जुलैमध्ये उथळ ओहळ पिलांना जड जाऊ लागतात. चिनूकच्या पिलाला २५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मारक असते. त्याच्या कितीतरी आधी, खाद्य तेवढेच राहिले आणि पाणी तापले, की शरीराचा खर्च वाढून वाढ खुंटते. समुद्रपातळी चढत राहिली आणि गाळ आला नाही, तर काही भाग चिखलवटीतून खाजणाकडे जाण्याऐवजी उघड्या पाण्याकडे जाईल. बांध काढण्याआधी बाहेरून माती आणून जमीन उंच करणे, किंवा बांध काढण्याआधी काही वर्षे नियंत्रित भरती सोडून गाळ साचू देणे, हे उपाय आहेत. ३०८ हेक्टरांवर पहिला महाग पडतो आणि गाळच कमी असलेल्या नदीवर दुसरा संथ. आमच्या मते अशा कामात सर्वांत आधी उंचीचे सर्वेक्षण आणि गाळाचा वार्षिक हिशेब करावा, माशांचा नंतर. मासे हा सगळ्यांत भरवशाचा भागीदार आहे, तो येतोच.

परतणाऱ्या माशांचा पुरावा

निस्क्वालीतल्या वाढीच्या आकड्यांवरून पिले समुद्रातून परत आली असे म्हणता येत नाही. तो पुरावा पाहायचा तर दक्षिणेला ऑरेगनमध्ये सॅमन नावाच्याच छोट्या नदीकडे जावे लागते. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला घातलेले तीन बांध १९७८, १९८७ आणि १९९६ असे नऊ-नऊ वर्षांच्या अंतराने काढले गेले, त्यामुळे वेगवेगळ्या वयाची खाजणे एकाच खाडीत शेजारी शेजारी तपासता आली. सर्वांत कोवळे खाजण दिसायला अर्धवट होते, तरी पिलांना ते उपयोगी पडत होते. पुढे परतणाऱ्या कोहो सॅमनवर तिथे काम झाले आणि अंडी घालायला आलेल्या प्रौढांपैकी २० ते ३५ टक्के माशांनी लहानपणी खाडीत मुक्काम केलेला होता, असे निघाले. खाडीतला मुक्काम ही कोहोची एरवी मुख्य रीत मानली जात नसे. खाजणे बंद असती तर हा हिस्सा उभाच राहिला नसता.

हे कळते ते माशाच्या कानातल्या खड्यावरून. तो झाडाच्या खोडासारखा थरांनी वाढतो, दिवसाला एक थर. खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शिअम जास्त असल्याने खाडीत शिरल्याची खूण त्या थरांत रासायनिक रूपाने राहते. थर मोजले की पिलू कोणत्या आकाराचे असताना खाडीत आले आणि किती दिवस थांबले ते समजते. निस्क्वालीत बांध काढण्याआधीच्या काळातल्या पिलांचे खडे असे तपासून ठेवलेले आहेत. त्या आधारावर तुलना करायची, तर अंडी घालून मेलेल्या प्रौढ चिनूकांचे खडे नदीकाठावरून गोळा करायला लागतात. चिनूक बहुधा तीन ते पाच वर्षांचा होऊन परततो, म्हणजे २०११ च्या वसंतात माश्या खाऊन गेलेली पिले २०१३ ते २०१५ या हंगामांत विखरून आली. एका पिढीचा हिशेब पुरा करायला तिन्ही हंगामांचे खडे लागतात, केंद्रातले मासे परावरून आणि तारेवरून वगळावे लागतात, आणि उरलेल्या नैसर्गिक माशांचा नमुना इतका लहान राहतो की एका वर्षाच्या खड्यांवरून टक्केवारी काढू नये.